सही झाली त्या दिवशी

९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तू ठीक असशील असं धरून चालते. तुझं मागचं पत्र मिळालं. त्या गुडघ्याच्या आजींचं वाचून हसू आलं. फिजिओथेरपिस्टवर काठी उगारता आली म्हणजे पेशंट चालायला लागला, हे तुझं म्हणणं मी ऑफिसात दोघीतिघींना सांगितलं. इकडे सगळं जागच्या जागी आहे. मी जेवते, झोपते, वेळेवर कामाला जाते. तब्येत चांगली आहे.

मोठी बातमी म्हणजे करार झाला.

समुद्रातल्या पवनचक्क्यांचं मी तुला तुकड्यातुकड्यांनी लिहीत आलेय, पण तुझ्या लक्षात राहिलं असेलच असं नाही, म्हणून थोडक्यात पुन्हा सांगते. आमच्या कंपनीकडे गोदी आहे, क्रेन आहेत, लोखंड कापणारी-जोडणारी माणसं आहेत. परदेशी कंपनीकडे भर समुद्रात खांब रोवून त्यावर पाती फिरवायची विद्या आहे. त्यांना इथला समुद्र हवा, आम्हाला त्यांची विद्या हवी. दोघांनी मिळून तिसरी कंपनी काढायची, निम्मी त्यांची, निम्मी आमची. ऐकायला किती सोपं वाटतं. पण ते कागदावर उतरायला दोन वर्षं गेली, आणि त्या दोन वर्षांत दोन्ही बाजूंनी जे जे बोललं गेलं ते जवळजवळ सगळं माझ्या तोंडून गेलं.

आमच्या मोठ्या साहेबांची एक सवय आहे. नाही म्हणायचं असलं की ते 'बघू' म्हणतात. आपल्याला ते कळतं. मी मात्र सुरुवातीला इमानेइतबारे 'आम्ही पाहतो' असं भाषांतर करत राहिले, आणि समोरची मंडळी ते टिपून घेऊन आम्ही काय पाहिलं त्याची वाट बघत बसली. शेवटी त्यांच्या प्रमुख बाईंनी मला चहाच्या वेळी बाजूला घेतलं आणि विचारलं, "तुमचे साहेब एवढं काय बघत असतात?" मी खरं काय ते सांगितलं. पुढच्या बैठकीत साहेबांनी मागणी केली, की यंत्रांची सगळी हमी परदेशी कंपनीनेच घ्यावी. बाईंनी माझ्याकडे न बघता आपल्या इथल्या भाषेत उत्तर दिलं, "बघू." साहेब असे हसले, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. त्या दिवशी अडलेली दोन कलमं सुटली.

वादळी दिवसांचं कलम मात्र शेवटपर्यंत चिघळलं. समुद्र खवळला की काम बंद, आणि बंद दिवसांचा तोटा कोणाच्या माथी? ते म्हणायचे, समुद्र तुमचा. आम्ही म्हणायचो, वेळापत्रक तुमचं. अखेर निम्मं-निम्मं ठरलं. आणि पाती पहिल्यांदा तिकडून येतील, पण नंतर इथेच तयार होतील, त्यासाठी इथली माणसं तिकडे शिकायला जातील, हेही लिहून घेतलं. गोदीतल्या वेल्डरांनी ते ऐकून कँटीनमध्ये टेबलं बडवली.

सही गेल्या महिन्याच्या अखेरीला झाली. समुद्रतळ वापरायच्या परवान्याची मुदत त्याच दिवशी संपत होती, त्यामुळे ती पुढे ढकलायचा प्रश्न नव्हता. बंदराच्या इमारतीत वरच्या मजल्यावर काचेचं सभागृह आहे, तिथे कार्यक्रम होता. एसी इतका वाढवून ठेवला होता की फोटोग्राफरने मफलर गुंडाळला होता. मी करड्या रंगाचा कोट घातला होता. सह्या झाल्या, फायलींची अदलाबदल झाली, मग भाषणं. बाई म्हणाल्या, "आजचा दिवस माझ्या आयुष्यातल्या फार आनंदाच्या दिवसांपैकी एक आहे." तुला माहीतच आहे, दुभाष्याने 'त्या म्हणतात' असं म्हणायचं नसतं. जो बोलतो त्याचा 'मी' तोच आपला 'मी'. तेव्हा मीही माइकवर तेच म्हटलं, की आजचा दिवस माझ्या आयुष्यातल्या फार आनंदाच्या दिवसांपैकी एक आहे. टाळ्या झाल्या. नंतर साहेब म्हणाले, आज तुमचा आवाज छान लागला होता.

फक्त त्यांचे मुख्य अभियंते आले नव्हते. पाया कुठे घालायचा, खांब किती खोल रोवायचा हे सगळं त्यांचंच काम, त्यामुळे त्यांची खुर्ची रिकामी होती ती सगळ्यांना दिसली. बाईंनी मला विचारलं, मी म्हटलं, घरी काम आहे. साहेबांनी विचारलं, त्यांनाही तेच सांगितलं.

हे अभियंते आपल्याच घरी राहतात. वरच्या खोलीत, म्हणजे तुझ्या. हे मी तुला आजवर कळवलं नव्हतं, कारण त्यासाठी घराबद्दल लिहावं लागलं असतं, आणि घराबद्दल लिहायला गेलं की तुझी अट मोडते. तुझी पुस्तकं खोक्यांत घालून माळ्यावर ठेवली आहेत, एकही टाकलेलं नाही. गडी सज्जन आहे. पन्नाशीचा, उंच, दारातून वाकून आत येतो. आम्ही त्यांना पाहुणे म्हणायचो. म्हणजे म्हणतो. त्यांना ते आपलं इथलं नावच वाटतं. फोन उचलला की म्हणतात, "पाहुणे बोलतोय."

एवढंच. मी पुढच्या खोलीतले पडदे धुतले. खिडकीच्या काचाही पुसून घेतल्या. घरात आता शांत असतं.

तुझ्याकडून पत्ता मिळाला, नंबर नाही मिळाला. नंबर असता तर कदाचित बोलले असते. कदाचित नसतेही. काही विचारायचं असलं तर लिही.

जपून राहा.

तुझी
मिठू


२१ एप्रिल

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र मिळून बरेच दिवस झाले. दोनच ओळी होत्या. 'तुझे पाहुणे सहीला का आले नाहीत? आणि घरात शांत का असतं?' बाकी काही नाही, खाली सहीसुद्धा नाही.

उत्तर लिहायला बसले की मी ऑफिसचंच लिहायला लागते. आताही तेच हाताशी येतंय. पायाचे लोखंडी नळ बोटीने आले. एकेक नळ एवढा रुंद, की आत ट्रक उभा राहील. धक्का मजबूत करून घेतला होता, तरी पहिला नळ उतरवताना सगळे श्वास रोखून उभे होते. खांबाच्या टोकाला जी यंत्राची पेटी बसते तिला त्यांच्या भाषेत लांबलचक शब्द आहे. मी त्याला प्रतिशब्द शोधत बसले आणि तोवर गोदीतल्या माणसांनी त्याला 'डोकं' म्हणायला सुरुवात केली. आता परदेशी फोरमनही "डोकं कुठे आहे, डोकं कधी येणार" असं विचारत फिरतो आणि सगळे खिदळतात.

असं मी पानभर लिहू शकते. ते थांबवते.

ताई, नाना गेले. सहीच्या दिवशी सकाळी.

तुझी अट होती की पत्रात आपल्या वडिलांचं नाव काढायचं नाही, आणि मी ती इतकी वर्षं पाळली. तू म्हणाली होतीस, त्यांचं नाव दिसलं की पत्र तिथेच मिटवीन. मिटवलंस तर मिटव. पण निदान एवढं वाक्य तुझ्यापर्यंत पोचलेलं असेल.

त्रास काही झाला नाही. सकाळी त्यांनी चहा मागितला. मी दिला आणि कोटाला इस्त्री करायला आत गेले. ते खिडकीशी, त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत. बंदराच्या तोंडाशी एक मालवाहू बोट उभी होती ती दुर्बिणीतून बघत होते. मला म्हणाले, "पायलट अजून चढला नाही तिच्यावर. उशीर करतायत." बंदरातले पायलट म्हणून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण बाहेर जहाज थांबलं की आपणच जाऊन ते आत आणायचं आहे असं त्यांना वाटायचं. मी इस्त्री संपवून बाहेर आले तेव्हा कप खाली नीट ठेवलेला होता आणि दुर्बीण मांडीवर होती. मला वाटलं डोळा लागला. हात लावला तेव्हा कळलं.

मी तशीच उभी राहिले. किती वेळ ते माहीत नाही. पाहुणे वरून उतरले, टाय बांधलेला, बूट हातात. त्यांनी माझ्याकडे बघितलं, नानांकडे बघितलं, बूट खाली ठेवले आणि गल्लीतल्या डॉक्टरांना बोलवायला अनवाणीच गेले. डॉक्टर आले, त्यांनी तपासलं, कागद लिहून दिला. म्हणाले, झोपेत जातात तसे गेले. कोणाला कळवायचं असेल तर कळवून घ्या.

मी कोट घातला.

इथून पुढचं लिहायला मला सगळ्यात जड जातंय, आणि का ते तुला कळेल. मी पाहुण्यांना म्हटलं, आज सही आहे, मला जायला हवं. खरं तर त्यांनाच जायला हवं होतं. दोन वर्षं त्या समुद्राचा तळ बोटाने चाचपल्यासारखा तपासला तो त्यांनी. त्यांनी टाय सोडला, घडी करून खिशात ठेवला, दुसरी खुर्ची ओढून नानांच्या शेजारी ठेवली आणि आपल्या इथल्या भाषेत म्हणाले, "मी बसतो."

आणि मी गेले. बसने गेले. परवान्याची मुदत, शेकडो लोकांची कामं, हे सगळं मी वाटेत मनात घोळवत होते, कोणी विचारलं तर सांगता यावं म्हणून. पण खरं सांगू? परदेशी कंपनीच्या बाजूचे दुभाषी होतेच. भाषेचे निवृत्त प्राध्यापक, जरा पुस्तकी बोलतात, पण निभावून नेलं असतं. मी एक फोन केला असता तर करार पाच मिनिटंसुद्धा अडला नसता. मी गेले कारण तिथे काय बोलायचं ते मला दुसरं कोणीतरी सांगतं. घरात ते सांगणारं कोणी नव्हतं.

त्या सभागृहात मी उत्तम काम केलं, ताई. एक शब्द अडला नाही. जेवणाच्या टेबलावर साहेब आणि बाई एकमेकांच्या मुलाबाळांची चौकशी करत होते, तीही मी दोन्हीकडून केली. बाईंनी साहेबांना विचारलं, "तुमचे वडील आहेत?" आणि मी साहेबांकडे वळून विचारलं, "तुमचे वडील आहेत?" साहेब म्हणाले, "नाही, जाऊन पुष्कळ वर्षं झाली." मी बाईंकडे वळून त्यांच्या भाषेत म्हटलं, माझे वडील जाऊन पुष्कळ वर्षं झाली. आवाज कापला नाही. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन दिल्यावर ओठ आपलाच असतो, पण बोट लावलं तर दुसऱ्याचा वाटतो, तसं होतं. अजूनही तसंच आहे.

दुपार उतरल्यावर घरी आले. पाहुण्यांनी दार उघडलं. त्यांनी नानांना डॉक्टरांच्या मदतीने पलंगावर नीट निजवलं होतं, चादर घातली होती, खिडकीचा पडदा ओढला होता. शेजारच्या काकू येऊन बसल्या होत्या. मी पायातलं काढत होते. पाहुणे दारातच उभे होते, आणि त्यांनी मला हळूच विचारलं, "सही झाली का?"

त्यांच्या मनात काही नव्हतं. दोन वर्षांचं काम होतं, विचारणारच माणूस.

मी म्हटलं, "झाली."

आई गेली त्या दिवशीही मी त्याच दारात उभी होते. तू आत आईजवळ होतीस, रात्रंदिवस होतीस. नाना सकाळी जहाज आणायला निघून गेले होते, आईचं काही खरं नाही हे माहीत असताना. दुपारी आई गेली. संध्याकाळी नाना आले, ते नारिंगी जाकीट, ओले बूट, आणि तू बाहेर येऊन त्यांना एकच विचारलंस, "जहाज लागलं का?" ते म्हणाले, "लागलं." त्यानंतर तू त्यांच्याशी एक शब्द बोलली नाहीस, आणि महिनाभरात घर सोडलंस. तुझं चुकलं असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही.

म्हणून मी तुला मागच्या पत्रात लिहिलं नाही. नाना गेले हे सांगता आलं असतं. मी कुठे होते हे सांगवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगळं उरकलं. बंदरातली जुनी माणसं आली होती, साहेब आले, बाईसुद्धा आल्या. त्यांचं विमान होतं, ते त्यांनी पुढचं घेतलं. साहेबांना आदल्या दिवशीचं समजलं तेव्हा ते माझ्याकडे बघतच राहिले. बाई जाताना माझा हात धरून म्हणाल्या, "मी तुमच्याकडून काय काय वदवून घेतलं." मी म्हटलं, ते माझं काम आहे.

आता नानांच्या शेवटच्या वर्षाबद्दल. तुला नको असेल तर हा भाग सोडून दे.

संध्याकाळी पाहुणे कामावरून आले की दोघं खिडकीशी बसायचे. नानांना त्यांची भाषा येत नव्हती, पाहुण्यांना आपली दहा-पंधरा शब्दांपलीकडे येत नव्हती. तरी दोघं तासभर बोलायचे. पाहुणे त्यांच्या आईबद्दल सांगायचे. ती तिकडे एका वृद्धाश्रमात आहे आणि त्यांना ओळखत नाही, मागच्या भेटीत तिने त्यांना नळ दुरुस्त करायला आलेला माणूस समजून टॉवेल दिला. नाना मान डोलवून म्हणायचे, "हो ना, पाती फार मोठी असतात, वळणावर अडचण होणारच." मी स्वयंपाकघरात कांदा चिरत दोन्ही ऐकायचे. दोघांचं बोलणं एकमेकांना भेटतच नव्हतं. मधे पडून सांगायला हवं होतं का? पण दोघांपैकी कोणी मला विचारलं नाही, आणि दोघांनाही तसंच हवं होतं, असं मला वाटतं. कळणाऱ्या माणसासमोर ते बोलले नसते.

नाना तुझ्याबद्दल बोलायचे. माझ्यासमोर त्यांनी तुझं नाव कधी घेतलं नाही, पण पाहुण्यांसमोर थोरली, थोरली, असं चालू असायचं. थोरलीला गणित सोपं जायचं. थोरली पोहायला आपल्या आपण शिकली. आणि मग फिरून त्या दिवसावर यायचे. मी शब्द जसेच्या तसे देते, ते मला जमतं. "थोरली म्हणते मी जहाजासाठी गेलो. जहाज काय, थांबलं असतं. जहाजं थांबतात. नांगर टाकला की चार दिवस थांबतात. मला बसवेना. तिचा तो श्वास ऐकवेना. बसवेना मला."

हे ते पुन्हा पुन्हा म्हणायचे. शेवटचे दोन शब्द तर येता-जाता.

नाना गेल्यानंतर काही दिवसांनी पाहुणे स्वयंपाकघरात आले. मी भांडी पुसत होते. ते म्हणाले, "नाना मला रोज एक वाक्य म्हणायचे, मी ते पाठ केलंय." आणि म्हणाले, "बस-वे-ना मला." त्यांच्या त्या जड जिभेने. मला विचारलं, "याचा अर्थ माझ्याजवळ बस, असाच ना? 'बस' मला माहीत आहे. म्हणून मी रोज बसायचो. कधीकधी फार थकलेला असायचो, पण ते म्हणायचे, म्हणून बसायचो. त्या दिवशीही म्हणून बसलो."

इतकी वर्षं हे काम करतेय, जाणूनबुजून चुकीचं भाषांतर कधी केलं नाही. त्या दिवशी केलं. मी म्हटलं, हो, तोच अर्थ आहे.

त्यांना बरं वाटलं. चहा घेऊन वर गेले.

पण तुझ्यासाठी चुकीचं करायचं नाही असं मी ठरवलंय, म्हणून हे लिहिलं. त्यांना माफ कर असं मी म्हणत नाही. कोणाची वकिली करायची ऐपत माझ्यात राहिलेली नाही. आपण इतकी वर्षं धरून चाललो की ते कामाचे पक्के होते, दगड होते, आधी जहाज मग बायको. मलाही तेच वाटायचं. मी तर सहीच्या दिवशी तेच केलं तेव्हा मनात म्हटलं, मी त्यांच्यावर गेले, मी पण दगड. पण बसमध्ये बसले होते ती काही करारासाठी नव्हे. करारही थांबला असता. मला त्या खोलीत बसवेना, एवढंच होतं. आणि तू बसलीस, ताई. आईपाशी तू एकटी बसलीस, ना नाना, ना मी. ते आमच्यापैकी कोणाला जमलं नाही, आणि त्याबद्दल तुला कोणी कधी काही म्हटलंही नाही. तुझा राग त्यातलाच असेल का, हे मी आता पहिल्यांदा विचारतेय. मला उत्तर माहीत नाही.

बाकी घरचं. पाहुणे महिनाअखेरीला बंदराजवळच्या नव्या वसाहतीत राहायला जातायत, कंपनीने त्यांच्या माणसांसाठी बांधली आहे. खोली रिकामी होईल. ती भाड्याने द्यायची की नाही ते मी ठरवलेलं नाही. नानांच्या कपड्यांना मी अजून हात लावलेला नाही. मला रडू आलेलं नाही. काकू म्हणतात, येईल एकदम. येईल तेव्हा येईल.

येत्या गुरुवारी समुद्रात पहिला खांब उभा राहणार आहे. हवामान साथ देईल असं सगळे म्हणतायत. दोन्हीकडचे मोठे लोक बोटीने बघायला जाणार, वर्तमानपत्रवाले येणार, आणि त्या बोटीवर मी हवी. मी साहेबांकडे त्याच दिवसाची रजा मागितली. साहेब म्हणाले, "बघू." मी म्हटलं, "साहेब, मी तुमचं भाषांतर दोन वर्षं करतेय. मी गुरुवारी नाही." ते पेन फिरवत म्हणाले, "प्राध्यापकांना सांगून ठेवा." सांगून ठेवलं.

गुरुवारी दुपारच्या बसने मी तुझ्या गावाला उतरेन. तुझं घर मी पाहिलेलं नाही, पत्त्यावर दवाखान्यामागे असं आहे, तेवढ्यावर शोधेन. तू स्टँडवर यावंस असं काही नाही. पेशंट असतील तर पेशंट बघ, मी बाहेरच्या बाकावर थांबेन. आपण लगेच बोललंच पाहिजे असंही नाही. मला परतीची घाई नाही, तिकीट काढलेलं नाही.

तुझी आणि नानांची,
धाकटी